एका गुणाचा हिशेब

२०१९ च्या आशिया चषक फुटबॉल स्पर्धेतील अ गटाचा अंतिम तक्ता प्रथमच पाहणाऱ्याला तो चुकीचा छापला गेला असावा, अशी शंका येईल. यजमान संयुक्त अरब अमिराती ५ गुण, थायलंड ४, बहारीन ४ आणि भारत ३. चोवीस संघांच्या त्या स्पर्धेतून सोळा संघ बाद फेरीत जाणार होते. सहा गटांतील तिसऱ्या क्रमांकाच्या संघांपैकीही चौघांना जागा होती. त्यामुळे अ गटातून तीन संघ पुढे गेले आणि मागे राहिला तो एकटा भारत. याच भारताने सलामीला थायलंडला ४–१ असे हरवले होते, आणि गटातील सहाही सामन्यांत त्याहून मोठा विजय कोणी मिळवला नव्हता. भारताने केलेले गोल चार आणि स्वीकारलेलेही चार. थायलंडने केलेले तीन आणि स्वीकारलेले पाच. तरीही दुसऱ्या क्रमांकावर थायलंड आणि तळाला भारत, असा हा तक्ता आहे.

पराभवानंतर प्रशिक्षकाला जबाबदार धरण्याची रीत फुटबॉलमध्ये इतकी रुळलेली आहे की ती जबाबदारी नेमकी कशाची, हे विचारायचे राहूनच जाते. संघ निवडण्याची, डावपेच ठरवण्याची, की ज्या खेळाडूंना आपण घडवलेच नाही त्यांच्या मर्यादांची? त्या जानेवारीत एकाच गटातील दोन प्रशिक्षक आठवडाभराच्या अंतराने पदावरून गेले. एकाला काढले आणि दुसऱ्याने स्वतःच राजीनामा दिला. दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून पाहिले की या प्रश्नाची सोपी उत्तरे टिकत नाहीत, असे मला वाटते.

स्टीफन कॉन्स्टंटाइन २०१५ च्या सुरुवातीला दुसऱ्यांदा भारताचे प्रशिक्षक झाले. पहिली खेप २००२ ते २००५ अशी होती. मधल्या काळात मलावी, सुदान, रवांडा अशा संघांचे काम त्यांनी पाहिले होते, आणि त्याही आधी नेपाळचे. मोठी नावे किंवा मोठी साधने नसलेल्या संघांना शिस्त लावणारा माणूस अशी त्यांची ओळख होती, आणि भारताला तेव्हा नेमक्या अशाच माणसाची गरज होती. मार्च २०१५ मध्ये फिफाच्या क्रमवारीत भारत १७३ व्या स्थानावर घसरला होता. त्याच वर्षी विश्वचषक पात्रता फेरीत चिमुकल्या ग्वामने भारताला २–१ असे हरवले आणि त्या फेरीतील आठपैकी सात सामने आपण गमावले. तिथून जुलै २०१७ पर्यंत संघ ९६ व्या स्थानी आला. सलग तेरा सामने तो हरला नाही, आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये बेंगळुरूत मकावला ४–१ असे नमवून त्याने आशिया चषकातील जागाही पक्की केली. यातले बरेच सामने दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांशी होते, असा आक्षेप तेव्हाही घेतला जाई आणि तो खोटा नव्हता. पण त्याच दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांशी आपण आधी हरत होतो, हे आक्षेप घेणारे सोयीने विसरत.

कॉन्स्टंटाइन यांच्या संघाचा खेळ देखणा नव्हता. संदेश झिंगन आणि अनस एडथोडिका या दोन मध्यरक्षकांसमोर, म्हणजे बचावफळीच्या मधोमध खेळणाऱ्यांसमोर, चौघांची मधली फळी, चेंडू मिळाला की तो लांब फेकायचा, उदांता सिंगच्या पायांतील वेग वापरायचा आणि शेवटी गोल करायला सुनील छेत्री आहेच, असा साधा आणि कष्टाळू आराखडा त्यांचा असे. ऑक्टोबर २०१८ मध्ये सुचौ येथे प्रशिक्षक मार्चेल्लो लिप्पी यांच्या चीनला याच आराखड्याने ०–० असे रोखले. त्या सामन्यात गोलरक्षक गुरप्रीत सिंग संधूला किती श्रम पडले, ते पाहणाऱ्यांना ठाऊक आहे. तरीही निकाल तो निकाल. पुढच्या महिन्यात जॉर्डनच्या दौऱ्यावर जाताना कुवेतमधल्या पावसाने विमाने अडकली आणि संघातील काही खेळाडू सामन्याच्या अगदी तोंडावर अम्मानला पोचले. तिथे जॉर्डनच्या गोलरक्षकाने आपल्याच बाजूच्या अर्ध्या मैदानातून मारलेला चेंडू गुरप्रीतच्या डोक्यावरून गोलजाळ्यात गेला. अशा अपघातांसाठी प्रशिक्षकाला दोष देणे कोणालाही शोभले नसते, आणि सहसा कोणी तो दिलाही नाही.

६ जानेवारी २०१९ रोजी अबू धाबीत थायलंडविरुद्ध जे घडले, ते मात्र या संघाकडून अपेक्षितच नव्हते. पूर्वार्धात छेत्रीने पेनल्टीवर गोल केला, थायलंडने बरोबरी साधली आणि मध्यंतरापर्यंत सामना नेहमीच्या वळणाने चालला होता. उत्तरार्ध सुरू होताच छेत्रीचा दुसरा गोल झाला, मग अनिरुद्ध थापाने गोलरक्षकावरून चेंडू अलगद उचलून तिसरा केला आणि बदली खेळाडू म्हणून आलेल्या जेजेने चौथा. आशिया चषकात भारताचा हा १९६४ नंतरचा पहिला विजय होता. छेत्रीच्या आंतरराष्ट्रीय गोलांची संख्या ६७ झाली, म्हणजे तेव्हाच्या मेस्सीपेक्षा दोनने जास्त, आणि दुसऱ्या दिवशीच्या सगळ्या बातम्या याच तुलनेने भरून गेल्या. ती तुलना मला तेव्हाही निरर्थक वाटली होती. तिच्यामुळे एक महत्त्वाची गोष्ट झाकली गेली, ती अशी की उत्तरार्धात थायलंडचा संघ विस्कटल्यामुळे भारताला मोकळे मैदान मिळाले होते. मोकळ्या मैदानात धावणे हे आपल्या संघाला उत्तम जमत असे. समोरचा संघ जागा सोडत नसेल तर काय करायचे, या प्रश्नाचे उत्तर त्या चार गोलांत नव्हते.

थायलंडच्या महासंघाने दुसऱ्याच दिवशी प्रशिक्षक मिलोवान रायेवाच यांना काढून टाकले. हे तेच रायेवाच, ज्यांनी २०१० च्या विश्वचषकात घानाला उपांत्यपूर्व फेरीपर्यंत नेले होते. स्पर्धा सुरू झाल्यावर, पहिल्या सामन्यानंतर, दोन सामने शिल्लक असताना प्रशिक्षक बदलणे म्हणजे शुद्ध आततायीपणा, असेच आपल्याकडे सगळ्यांनी म्हटले आणि त्यात थोडी फुशारकीही होती. सहायक सिरिसाक योद्यार्दथाई यांच्याकडे संघ सोपवला गेला. या संघाने १० जानेवारीला बहारीनला १–० असे हरवले आणि १४ जानेवारीला यजमानांना १–१ असे रोखले.

भारत १० तारखेला यजमानांकडून ०–२ असा हरला. तो सामना तपशिलाने सांगण्याजोगा नाही, पण एवढे सांगायला हवे की भारत तेव्हा घाबरून खेळला नव्हता. आपण संधी निर्माण केल्या आणि चेंडू क्रॉसबारला लागून परतही आला. अमिरातीचे प्रशिक्षक अल्बेर्तो झाक्केरोनी यांनी २०११ मध्ये जपानला हाच चषक जिंकून दिला होता. त्यांच्या संघाला घरच्या मैदानावर दुसऱ्या गोलसाठी ८८ व्या मिनिटापर्यंत थांबावे लागले. मला तो पराभव या मोहिमेतील सर्वांत चांगला खेळ वाटतो, आणि म्हणूनच त्यानंतर जे ठरवले गेले ते अधिक खटकते.

१४ जानेवारीला शारजात बहारीनविरुद्ध शेवटचा साखळी सामना होता. भारताचे तीन गुण होते, बहारीनचा एक. बरोबरी झाली तरी भारत पुढे जाणार होता. बहारीनला मात्र जिंकण्यावाचून गत्यंतर नव्हते. थापाने थायलंडविरुद्ध सुंदर गोल केला होता, पण त्याच्या जागी कॉन्स्टंटाइन यांनी गोव्याच्या रोलिन बोर्जिसला उतरवले. बोर्जिस हा अत्यंत समजूतदार, जागा न सोडणारा, चेंडू अडवणारा खेळाडू. प्रोणय हल्दरही त्याच धाटणीचा, आणि त्या दिवशी कर्णधाराची पट्टी हल्दरच्या दंडावर होती, कारण कॉन्स्टंटाइन कर्णधारपद फिरते ठेवत. मधल्या फळीच्या गाभ्यात दोन अडवणारे खेळाडू आले म्हणजे चेंडू पुढे नेणारा कोणी उरला नाही. संघाची नावे वाचूनच सामन्याचा हेतू कळत होता. त्यात सुरुवातीच्या काही मिनिटांतच अनस दुखावला आणि त्याच्या जागी सलाम रंजन सिंग आला, म्हणजे बचावावरच सारा भरवसा ठेवलेल्या संघाचा अर्धा बचाव सामना नीट सुरू होण्यापूर्वीच गेला.

भारतात तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते. भोगीचा दिवस होता, दुसऱ्या दिवशी संक्रांत, आणि आमच्या घरात फुटबॉलमध्ये रस असणारा मी एकटाच होतो. मध्यंतरापर्यंत मला काळजी वाटली नाही. दुसरीकडे अल ऐनमध्ये यजमान आणि थायलंड मध्यंतराआधीच १–१ वर येऊन थांबले होते. ती बरोबरी तशीच राहिली आणि आपलीही राहिली, तर भारत थेट दुसऱ्या क्रमांकावर येणार होता, कारण दोघांचे गुण समान झाले असते आणि थायलंडला आपण हरवले होते. अ गटातील दुसऱ्या संघाची गाठ बाद फेरीत चीनशी होती, ज्या चीनला आपण तीनच महिन्यांपूर्वी त्याच्या घरी गोल करू दिला नव्हता. इतका सरळ रस्ता या संघासमोर त्याआधी कधी आला नव्हता.

उत्तरार्धात भारताचा संघ हळूहळू मागे सरकत गेला. कोणी तशी आज्ञा दिली असेल किंवा नसेल, पण चेंडू पायात ठेवण्याची सवय नसलेला संघ दमला की आपोआपच आपल्या गोलकडे सरकतो. बचावपटूने चेंडू दूर मारायचा, तो बहारीनच्या खेळाडूने शांतपणे ताब्यात घ्यायचा आणि काही क्षणांत तो पुन्हा आपल्या गोलक्षेत्रासमोर यायचा, हे चक्र सुरू झाले. गुरप्रीतने अडवले, झिंगनने डोक्याने परतवले. नव्वद मिनिटे पूर्ण झाली आणि भरपाई वेळ सुरू झाली. त्या वेळेच्या पहिल्याच मिनिटात गोलक्षेत्रात हल्दरचा पाय बहारीनच्या खेळाडूला लागला. पेनल्टी दिली गेली आणि जमाल रशीदने गोल केला. तोवर भारताच्या चांगल्या खेळलेल्या मोजक्या खेळाडूंत हल्दरचे नाव घ्यावे लागले असते. गोलनंतर काही करण्यासाठी भारताकडे वेळ नव्हता आणि तशी तयारीही नव्हती.

शारजा आणि शेवटचा क्षण म्हटले की आपल्याकडच्या माणसाला १९८६ मधला मियाँदादचा षटकार आठवतो, आणि त्या रात्रीही क्रिकेटचा हा दाखला अनेकांनी दिला. मैदान वेगळे, खेळ वेगळा, पण दाखला देण्यामागची सवय एकच आहे. एवढ्या लांबीचा सामना आपण त्याच्या शेवटच्या क्षणात कोंबतो आणि त्या क्षणावर एका माणसाचे नाव लिहितो. चेतन शर्माला त्या एका चेंडूची किंमत कित्येक वर्षे मोजावी लागली. हल्दरच्या वाट्याला तेवढे आले नाही, याचे कारण आपला समंजसपणा असावा असे मानण्याइतका मी भाबडा नाही; देशात फुटबॉल पाहणारेच कमी आहेत, हे ते कारण. जून २०१८ मध्ये मुंबईत अंधेरीच्या मैदानावर भारताने चायनीज तैपेईला ५–० असे हरवले तेव्हा तो सामना पाहायला अडीच हजारांच्या आसपास माणसे होती, आणि त्यानंतर खुद्द छेत्रीला चित्रफितीतून प्रेक्षकांची विनवणी करावी लागली होती.

हल्दरचा पाय हे पराभवाचे कारण धरले, तर कॉन्स्टंटाइन निर्दोष ठरतात. कारण अशी चूक कोणत्याही संघात कोणाकडूनही होते. बरोबरीसाठी खेळण्याचा निर्णय हे कारण धरले, तर ते पूर्णपणे दोषी ठरतात. मला दोन्ही मान्य नाही. बरोबरी राखणे ही फुटबॉलमधील प्रतिष्ठित कला आहे आणि तिच्यात भ्याडपणा नाही. पण ती कला मुख्यतः चेंडू स्वतःकडे ठेवण्याची आहे. ज्या संघाला चेंडू दहा-बारा वेळा आपसांत फिरवून दोन मिनिटे घालवता येतात, तोच संघ बरोबरी सुखाने राखू शकतो. बाकीच्यांना ती प्रत्येक मिनिटाला नव्याने कमवावी लागते. पस्तीस गुणांपुरताच अभ्यास करून परीक्षेला बसलेल्या मुलाचा एक प्रश्न चुकला की तो नापास होतो, तशी भारताची त्या रात्री स्थिती होती. आणि अभ्यास तेवढाच का झाला, याचे उत्तर प्रशिक्षकापाशी अर्धेच सापडते.

उरलेले अर्धे उत्तर राष्ट्रीय संघ नावाच्या व्यवस्थेत आहे. क्लबच्या प्रशिक्षकाला खेळाडू रोज भेटतात. राष्ट्रीय प्रशिक्षकाला ते वर्षात मोजक्या शिबिरांपुरते मिळतात. एवढ्या अवधीत बचावाची शिस्त बसवता येते, कॉर्नर आणि फ्री किकची तयारी करता येते, तंदुरुस्तीबद्दल दम देता येतो. दबावाखाली चेंडू घेऊन वळणारा मधल्या फळीचा खेळाडू शिबिरात तयार होत नाही. तो क्लबमध्ये, तेही लहान वयात, तयार व्हावा लागतो. आणि आपल्या इंडियन सुपर लीगमध्ये तेव्हा मैदानावर पाच परदेशी खेळाडू उतरवता येत. ते पाच जण कुठे खेळत? बहुतेक क्लब परदेशी खेळाडू संघाच्या कण्यात लावत, म्हणजे मध्यरक्षक, मधल्या फळीचा सूत्रधार आणि आघाडीवीर. भारतीय मुलांच्या वाट्याला दोन्ही कडा येत. खुद्द छेत्रीसुद्धा बेंगळुरूकडून डाव्या बाजूने खेळत असे, कारण मध्यभागी मिकू हा परदेशी आघाडीवीर होता. ज्या जागांवर सामना चालवला जातो, त्या जागांवर खेळण्याचा सरावच नसलेले खेळाडू राष्ट्रीय प्रशिक्षकाच्या हाती येत आणि मग आपण त्याला विचारत असू की संघाला चेंडू का ठेवता येत नाही.

एवढे म्हटल्यानंतरही कॉन्स्टंटाइन यांना मी मोकळे सोडणार नाही. मर्यादित साधनांचा संघ अधिकच मर्यादित करण्याचा निर्णय त्यांचा होता. अमिरातीविरुद्ध जो संघ पुढे जाण्याचे धाडस करत होता, त्यालाच चार दिवसांनी, तुलनेने सोप्या प्रतिस्पर्ध्यासमोर, गुण मोजत बसायला लावले गेले. थापाला बाहेर ठेवून त्यांनी खेळाडूंना न बोलता सांगितले की आज गोल करण्याची अपेक्षा नाही. प्रशिक्षकाचा निरोप भाषणातून पोचतो त्याहून अधिक अकरा नावांच्या यादीतून पोचतो. चार वर्षांत तयार केलेल्या संघावर शेवटच्या दिवशी त्यांचाच विश्वास कमी पडला, असे माझे मत आहे आणि ते बदलावे असे काही नंतर घडलेले नाही.

सामन्यानंतरच्या पत्रकार परिषदेतच त्यांनी पद सोडत असल्याचे जाहीर केले. चार वर्षे झाली, संघ पात्र ठरवण्याचे जे काम दिले होते ते केले, आता थांबण्याची वेळ आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. करार तसाही संपत आला होता. गोंदियाचे प्रफुल्ल पटेल अध्यक्ष असलेल्या भारतीय फुटबॉल महासंघाला राजीनामा स्वीकारण्यापलीकडे काही करावे लागले नाही, आणि त्या राजीनाम्याबरोबर ज्यांची उत्तरे महासंघानेच द्यायला हवी होती असे प्रश्नही निकालात निघाले. हे आपल्याकडे नेहमीच होत आले आहे. २०११ च्या आशिया चषकात तिन्ही सामन्यांत मिळून तेरा गोल खाल्ल्यावर काही महिन्यांत बॉब हाउटन गेले. मग गोव्याच्या धेंपो क्लबचे आर्मांदो कोलासो थोड्या काळासाठी आले, त्यांच्यानंतर गोव्याचेच सावियो मेदेइरा आले, मग डच प्रशिक्षक विम कुव्हरमन्स आले. प्रत्येक वेळी माणूस बदलला आणि त्याच्यासोबत खेळाची पद्धतही शून्यापासून सुरू झाली.

कॉन्स्टंटाइन यांच्या जागी मे २०१९ मध्ये इगोर श्टिमाच यांची नेमणूक झाली. १९९८ च्या विश्वचषकात तिसऱ्या आलेल्या क्रोएशियाच्या संघातले हे बचावपटू. त्यांनी लांब चेंडू बंद करून मागून पास देत खेळ उभारण्याचा आग्रह धरला, आणि पाहणाऱ्याला तो बदल सुखावणारा होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गुवाहाटीत ओमानविरुद्ध भारत ८२ व्या मिनिटापर्यंत १–० असा पुढे होता आणि १–२ असा हरला. पद्धत बदलली होती, शेवटच्या दहा मिनिटांत मागे सरकणारे पाय तेच होते. २०२४ च्या आशिया चषकात भारत तिन्ही सामने एकही गोल न करता हरला, विश्वचषक पात्रतेत गुवाहाटीतच अफगाणिस्तानकडून हरला आणि जूनमध्ये श्टिमाचही गेले. पुढे मानोलो मार्केझ काही काळ एफसी गोवा आणि राष्ट्रीय संघ अशा दोन्ही जबाबदाऱ्या एकदम सांभाळत होते. या व्यवस्थेबद्दल न बोललेलेच बरे. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबईच्या मैदानांवर वाढलेले खालिद जमील प्रशिक्षक झाले आणि ऑक्टोबरमध्ये गोव्यात फातोर्ड्याला सिंगापूरने आपल्याला २–१ असे हरवल्यावर २०२७ च्या आशिया चषकाचे दार बंद झाले. त्याही दिवशी पहिला गोल आपलाच होता, छांगटेने केलेला.

थायलंडने रायेवाच यांना काढले म्हणून तो संघ पुढे गेला, असे म्हणणारे तेव्हा बरेच होते. मला त्यात तथ्य दिसत नाही, कारण बहारीननेही तीन सामन्यांत तितकेच गुण मिळवले होते आणि त्यांच्या प्रशिक्षकाला कोणी हात लावला नव्हता. थायलंड पुढच्याच सामन्यात चीनकडून १–२ असा हरला, बहारीन दक्षिण कोरियाकडून अतिरिक्त वेळेत. चषक शेवटी कतारने जिंकला. शारजातील पेनल्टी झाली नसती तर चीनशी आपण खेळलो असतो, कदाचित हरलोही असतो, आणि कॉन्स्टंटाइन इतिहास घडवणारे प्रशिक्षक म्हणून परतले असते. तरीही मधल्या फळीचे दारिद्र्य तेवढेच राहिले असते, आणि मग त्याबद्दल कोणी एक शब्दही काढला नसता. मला ही शक्यता प्रत्यक्ष पराभवापेक्षा फारशी बरी वाटत नाही.

कॉन्स्टंटाइन पुन्हा भारतात आले, ईस्ट बंगालचे प्रशिक्षक म्हणून, आणि एका हंगामानंतर गेले. ऑक्टोबर २०२३ मध्ये ते पाकिस्तानच्या राष्ट्रीय संघाबरोबर होते. काही आठवड्यांच्या तयारीनंतर त्या संघाने इस्लामाबादेत कंबोडियाला १–० असे हरवले. विश्वचषक पात्रता फेरीतील पाकिस्तानचा तो पहिलाच विजय होता. त्या विजयामुळे पुढच्या फेरीत सौदी अरेबिया, जॉर्डन आणि ताजिकिस्तान यांच्याशी खेळण्याची संधी मिळाली, आणि ते सहाही सामने पाकिस्तान हरला.